रशियाच्या झारांची अनियंत्रित सत्ता नेमकी कोणाच्या बळावर उभी राहिली?

रानवारा (धागा)

रशियाच्या झारांचे 'समोदेर्झेत्स' हे बिरुद मुळात एका ग्रीक शब्दाचे भाषांतर आहे. स्वतःच्या हाताने राज्य धरून असलेला, असा त्याचा सरळ अर्थ. मॉस्कोचा इव्हान तिसरा (कारकीर्द १४६२ ते १५०५) याच्या काळात हा शब्द रूढ होऊ लागला, तेव्हा त्याचा रोख प्रजेकडे नव्हता, तर बाहेरच्या मंगोल खानाकडे होता. १४८० मध्ये उग्रा नदीच्या दोन काठांवर मॉस्कोचे आणि खान अहमदचे सैन्य समोरासमोर उभे राहिले आणि मोठी लढाई न होताच खान परत फिरला. त्यानंतर मॉस्कोचा राजा कोणाचा मांडलिक उरला नाही, हे सांगण्यासाठी तो शब्द होता. १७१६ च्या महान पीटरच्या लष्करी संहितेत मात्र असे लिहिलेले आढळते की, सम्राट हा स्वयंसत्ताधारी असून आपल्या कृत्यांसाठी जगात कोणालाही जाब देण्यास तो बांधलेला नाही. बाहेरच्या मालकापासून मिळालेल्या स्वातंत्र्याचा शब्द अडीचशे वर्षांच्या आत आपल्याच माणसांवरच्या अमर्याद हक्काचा शब्द कसा झाला, या प्रश्नासाठी हा धागा काढत आहे.

आपल्याकडच्या शालेय पुस्तकांतून या विषयाचे उत्तर साधारणपणे 'क्रूर इव्हान' आणि 'महान पीटर' या दोन व्यक्तींत संपते. मला ते पटत नाही. माझ्या मते ही सत्ता एका देवघेवीतून उभी राहिली. जमीन धरून असलेल्या मध्यम थरातल्या चाकरीच्या लोकांनी राजाला स्वतःवरची संपूर्ण सत्ता दिली आणि राजाने त्या बदल्यात त्यांना शेतकऱ्यांवरची संपूर्ण सत्ता दिली.

याची सुरुवात नोव्हगोरोदपासून दिसते. व्यापारावर जगणारे हे उत्तरेकडचे नगर आपला राजा करार करून नेमत असे आणि नगराची सभा भरवण्यासाठी तिथे एक घंटा वाजवली जाई. १४७८ मध्ये इव्हान तिसऱ्याने नगर ताब्यात घेतले तेव्हा त्याची अट स्पष्ट होती: आमच्या वडिलोपार्जित नोव्हगोरोदात घंटा राहणार नाही, नगराध्यक्ष राहणार नाही आणि सगळा कारभार आमचा राहील. घंटा उतरवून मॉस्कोला नेण्यात आली. ही घंटेची हकीकत सगळे सांगतात, पण तिच्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढच्या काही वर्षांत घडली. नोव्हगोरोदच्या उमरावांच्या आणि मठांच्या विस्तीर्ण जमिनी जप्त करून त्या मॉस्कोकडच्या लष्करी चाकरीच्या लोकांना वाटण्यात आल्या. वडिलोपार्जित जमिनीला तिकडे 'वोत्चिना' म्हणत. या नव्या जमिनीला 'पोमेस्त्ये' हे नाव होते आणि ती चाकरी असेपर्यंतच मिळे. स्वारीला घोडा, हत्यारे आणि माणसे घेऊन हजर झाले नाही तर जमीन जाई. आपल्या वतन आणि सरंजाम या शब्दांतला फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा फरक लगेच उमगेल, मात्र दोन्हीकडच्या व्यवस्था एकच होत्या असे मला सुचवायचे नाही.

जमीन मिळाली तरी ती कसणार कोण, हा प्रश्न उरतोच. माणसे थोडी आणि मोकळी जमीन अफाट, अशा देशात शेतकरी उठून दुसरीकडे गेला की जमीनदार उपाशी आणि घोडदळ रिकामे. म्हणून १४९७ च्या कायद्याने शेतकऱ्याला वर्षातून एकदाच, २६ नोव्हेंबरच्या संत जॉर्जच्या दिवसाच्या आधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा, मालकाचे देणे फेडून गाव सोडण्याची मुभा ठेवली. १५८० च्या दशकात 'बंदीची वर्षे' सुरू झाली आणि त्या वर्षांत तीही मुभा उरली नाही. १५९७ मध्ये पळालेल्या शेतकऱ्याला शोधून परत आणण्यासाठी पाच वर्षांची मुदत ठरली. पुढे १६३० आणि १६४० च्या दशकांत चाकरीचे लोक झारकडे पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिले की ही मुदतच काढून टाका, कारण बडे उमराव आमची माणसे पळवून आपल्या दूरच्या गावांत लपवतात आणि मुदत संपली की ती त्यांची होतात. १६४८ मध्ये मॉस्कोत दंगल उसळली, घाबरलेल्या झार अलेक्सेईने सभा बोलावली आणि १६४९ च्या संहितेत ती मुदत रद्द झाली. शेतकरी, त्याची बायको आणि मुले कायमची जमिनीला बांधली गेली. त्याच संहितेत राजाच्या जिवाविरुद्ध आणि सत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांचे स्वतंत्र प्रकरण आले. या दोन गोष्टी एकाच ग्रंथात शेजारी असणे हा मला योगायोग वाटत नाही.

जाणकारांनी आपले मत मांडावे.

औदुंबर

धागा आवडला, परंतु आपण मूळ फार उशिरा शोधता आहात. मॉस्कोचे राजे इव्हान तिसऱ्याच्या आधी दीडशे वर्षे खानांचे खंडणी गोळा करणारे होते. इव्हान कलिता, ज्याच्या टोपणनावाचाच अर्थ 'पैशांची थैली' आहे, तो इतर रशियन संस्थानांकडून खंडणी वसूल करून खानाकडे पोहोचवी. त्या वसुलीसाठी शिरगणती, टपालाची ठाणी, हिशेब ही यंत्रणा मंगोलांनीच आखून दिली होती. रशियन भाषेत सरकारी तिजोरीला 'कझना' म्हणतात. तो शब्द तुर्की बोलींमार्फत अरबीतून आला आणि आपला 'खजिना'ही त्याच अरबी मुळाचा आहे. खान गेला तरी खजिना उरला आणि त्यावर मॉस्कोचा राजा बसला. खानापुढे प्रत्येक जण चाकर, ही रीतही तशीच उरली. झारला लिहिलेल्या अर्जात मोठमोठे उमराव स्वतःला 'तुमचा गुलाम' म्हणवत आणि आपले नाव इवाश्का, फेद्का असे नोकराला हाक मारावी तसे तोडून लिहीत.

रानवारा

औदुंबर, यंत्रणेविषयी आपण म्हणता ते मान्य आहे. पण खंडणीची तीच यंत्रणा त्व्हेरमध्ये होती, र्‍याझानमध्ये होती आणि नोव्हगोरोदही खंडणी देत होते. एकच वारसा मिळालेल्या संस्थानांपैकी काही ठिकाणी राजा करारात राहिला आणि एका ठिकाणी तो सगळ्यांचा मालक झाला. त्यामुळे वारशाने साधन मिळाले असे म्हणता येईल, पण त्या साधनाचा वापर करण्याचे कारण वेगळे शोधावे लागते. शिवाय ते कारण काळात पुढे सरकत जाते. अर्जातले तोडके नाव पीटरने १७०२ पासून बंद करून पूर्ण नाव लिहायला लावले, मात्र 'गुलाम' हा अर्थ तसाच ठेवला. शेवटी १७८६ मध्ये कॅथरीन दुसरीने तो शब्द अर्जांतून काढून 'प्रजाजन' या अर्थाचा शब्द आणला. खानांचा अंमल संपून तेव्हा तीन शतके झाली होती. इतका काळ एखादी रीत टिकते ती केवळ सवयीने टिकत नाही. तिच्यातून कोणाचे तरी हित साधले जात असते.

तळटीप

त्व्हेरचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या मातीशी जोडलेली आहे. चौल बंदरात उतरून जुन्नर आणि पुढे बीदरपर्यंत गेलेला अफनासी निकितिन हा व्यापारी त्व्हेरचा होता. १४६० च्या दशकाच्या अखेरीस तो निघाला तेव्हा त्व्हेर हे स्वतंत्र राज्य होते आणि त्याच्याजवळ त्व्हेरच्या राजाचे पत्र होते. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नोंदी मॉस्कोत इव्हान तिसऱ्याच्या एका कारभाऱ्याकडे पोहोचल्या आणि १४८५ मध्ये त्व्हेरही मॉस्कोने घेतले.

त्या नोंदींत एक जागा अशी आहे की तिथे तो रशियन सोडून तुर्की बोलीत लिहू लागतो. देवाने रशियन भूमीचे रक्षण करावे, तिच्यासारखी भूमी जगात नाही, जरी तिथले उमराव अन्यायी आहेत, आणि तिथे न्याय नांदो, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. कोणाला सहज वाचता येऊ नये म्हणून त्याने भाषा बदलली असावी, असा माझा तर्क आहे. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, एका सामान्य व्यापाऱ्याची तक्रार राजाविरुद्ध नाही, ती उमरावांविरुद्ध आहे. बलवान राजा आला तर उमरावांना आवर बसेल, ही आशा त्या काळच्या साध्या माणसाला किती जवळची असेल हे यावरून कळते. धागाकर्त्यांनी देवघेवीचा जो मुद्दा मांडला आहे, त्याच्या मुळाशी ही आशा मला दिसते.

कोनाडा

चर्चचा विचार केल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. १४५३ मध्ये बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे दुसरे रोम, पडले, १४७२ मध्ये इव्हान तिसऱ्याने शेवटच्या बायझंटाइन सम्राटाच्या पुतणीशी, सोफिया पालेओलोगशी लग्न केले आणि १४९७ च्या त्याच्या मुद्रेवर दुहेरी गरुड दिसू लागला. पुढे प्स्कोव्हच्या फिलोफेई या साधूने 'दोन रोम पडले, तिसरे उभे आहे आणि चौथे होणार नाही' असे लिहिले. १६ जानेवारी १५४७ रोजी सोळा वर्षांच्या इव्हान चौथ्याला (हाच तो 'क्रूर इव्हान') 'झार' म्हणून राज्याभिषेक झाला, तो याच विचारांच्या सावलीत झाला.

मात्र चर्चने राजाला उंच चढवले आणि नंतर ते स्वतःच त्याच्या हाताखाली गेले, हे मला या इतिहासातले सर्वांत दुःखद प्रकरण वाटते. मॉस्कोचे धर्मप्रमुख फिलिप यांनी इव्हान चौथ्याला भर चर्चमध्ये आशीर्वाद नाकारला. त्यांना पदावरून काढून त्व्हेरच्या मठात ठेवले आणि १५६९ मध्ये तिथेच मारले. पुढच्या शतकात पात्रिआर्क (रशियन चर्चचे सर्वोच्च प्रमुख) निकोन यांनी धर्मसत्ता राजसत्तेहून श्रेष्ठ असल्याचा आग्रह धरला. त्यांना १६६६ मध्ये पदच्युत करण्यात आले. १७०० मध्ये पात्रिआर्क एड्रियन वारले तेव्हा पीटरने त्यांच्या जागी कोणालाही निवडूच दिले नाही आणि १७२१ मध्ये 'पवित्र सिनॉड' नावाचे मंडळ स्थापून चर्च हे सरकारी खाते करून टाकले. त्यानंतर १९१७ पर्यंत रशियात पात्रिआर्क नव्हता. राजाला नाही म्हणू शकेल असा एकच आवाज उरला होता, तोही गेला.

औदुंबर

आता माझा दुसरा आक्षेप. धागाकर्त्यांनी इव्हान चौथ्याला एका वाक्यात बाजूला सारले आहे. १५६४ च्या डिसेंबरात तो कुटुंब, खजिना आणि मूर्तिचित्रे घेऊन मॉस्को सोडून अलेक्सांद्रोव्हच्या वस्तीत जाऊन राहिला. तिथून त्याने दोन पत्रे पाठवली. एकात उमरावांवर आणि धर्माचार्यांवर विश्वासघाताचा आरोप होता आणि दुसऱ्यात मॉस्कोच्या व्यापाऱ्यांना आणि सामान्य लोकांना सांगितले होते की तुमच्यावर माझा राग नाही. लोकच त्याच्याकडे विनवण्या करत गेले. परत येण्याची त्याची अट ही होती की विश्वासघातक्यांना मनाप्रमाणे शिक्षा करण्यात कोणी आड येऊ नये. राज्याचा एक तुकडा त्याने 'ओप्रिच्निना' म्हणून स्वतःसाठी वेगळा काढला आणि १५७० मध्ये त्याच्या काळ्या वेशातल्या स्वारांनी नोव्हगोरोदमध्ये कत्तल केली. मालकीहक्काची, न्यायाची आणि जिवाची कोणतीही हमी उरली नाही, ती तेव्हापासून. याला देवघेव म्हणावे का?

रानवारा

आपला आक्षेप योग्य आहे आणि मी तो विषय घाईने ओलांडला, हे मान्य करतो. ती पत्रांची घटना तर माझ्याच मुद्द्याचा पहिला मोठा पुरावा ठरते, हे आपण लिहिल्यावर माझ्या ध्यानात आले. उमरावांना दोष द्यायचा आणि त्यांच्या डोक्यावरून थेट शहरातल्या लोकांशी बोलायचे, ही रीत इव्हानने १५६५ च्या आरंभी दाखवून दिली.

तरीही ओप्रिच्निना म्हणजे पक्की झालेली अनियंत्रित सत्ता, असे मला म्हणवत नाही. १५७१ मध्ये क्रिमियाच्या खानाने मॉस्को जाळले तेव्हा इव्हानचे हे खासे स्वार शहर वाचवू शकले नाहीत आणि १५७२ मध्ये त्यानेच ती व्यवस्था मोडली. त्याने मागे ठेवले ते ओसाड पडलेले प्रांत, पळालेले शेतकरी आणि कफल्लक झालेले चाकरीचे लोक. १५९८ मध्ये त्याचा मुलगा फ्योदोर निपुत्रिक वारला, १६०१ ते १६०३ असा भीषण दुष्काळ पडला आणि पुढे तोतयांचा व परकीयांच्या स्वाऱ्यांचा काळ सुरू झाला. त्या गोंधळात राजसत्तेला अटी घालण्याचे प्रयत्न झाले, हे आपण विसरतो. १६०६ मध्ये वसिली शुइस्कीने गादीवर येताना क्रूसाचे चुंबन घेऊन शपथ घेतली की उमरावांसह न्यायनिवाडा केल्याशिवाय कोणालाही देहान्त देणार नाही, निरपराध नातेवाइकांची मालमत्ता घेणार नाही आणि खोट्या चहाड्या ऐकणार नाही. १६१० मध्ये पोलंडच्या राजपुत्राला गादी देऊ करताना तर लेखी अटीच घातल्या गेल्या.

ती वाट पुढे गेली नाही. १६१२ मध्ये मिनिन आणि पोझार्स्की यांच्या सैन्याने मॉस्को सोडवली आणि १६१३ च्या झेम्स्की सोबोरने (देशभरातल्या प्रतिनिधींच्या सभेने) सोळा वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हला निवडले. सरदार, धर्माचार्य, शहरवासी, कोसॅक असे सगळे त्या सभेत होते. राजा निवडण्याइतकी ताकद ज्या सभेत होती, तिने राजाकडून काहीच कायमचे मागून घेतले नाही. पुन्हा अराजक नको, एवढीच त्यांची तळमळ होती. सुरुवातीची वर्षे सोबोर वारंवार भरत राहिला. १६५३ मध्ये युक्रेनच्या प्रश्नावर भरलेला सोबोर हा शेवटचा पूर्ण सोबोर मानला जातो. १६४९ ला आपले मागणे पदरात पडल्यावर चाकरीच्या लोकांनाही सभेची गरज उरली नव्हती.

मुक्काम पोस्ट

शेतकऱ्यांच्या बाजूने एक निरीक्षण नोंदवतो. ज्यांना या देवघेवीत विकले गेले, तेही झारविरुद्ध उठले नाहीत, उमरावांविरुद्ध उठले. १६७० मध्ये बंडखोर कोसॅक स्तेपान राझिनने आपल्या ताफ्यात राजपुत्र अलेक्सेई असल्याची आवई उठवली. तो राजपुत्र त्याच वर्षी वारला होता. १७७३ मध्ये येमेल्यान पुगाचोव्हने तर मारला गेलेला झार तिसरा पीटर मीच असे जाहीर केले आणि शेतकऱ्यांना जमीन व मुक्तता देणारे फर्मान झारच्या नावाने काढले. 'झार चांगला, उमराव वाईट' हा विश्वास तळापर्यंत झिरपलेला होता. निकितिनच्या प्रार्थनेविषयी वर जे लिहिले आहे, त्याच्याशी हे थेट जुळते.

पोलंडचे उदाहरण कोणी देईल म्हणून आधीच सांगतो. तिथे सरदारांनी राजाला पूर्ण बांधून टाकले होते, पण तिथला शेतकरी भूदासच राहिला. त्यामुळे राजावर अंकुश आला असता तर रशियन शेतकरी सुटला असता, असे म्हणणे धाडसाचे आहे.

तळटीप

धागाकर्त्यांच्या मुद्द्याची खरी कसोटी १७३० मध्ये लागते, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

त्याआधी पीटरने ही देवघेव अधिक कडक केली होती. सरदाराच्या मुलाला तरुणपणापासून चाकरी सक्तीची होती. १७२२ च्या दर्जांच्या तक्त्याने लष्करी आणि मुलकी चाकरीच्या चौदा पायऱ्या ठरवल्या आणि कुळापेक्षा पायरी मोठी केली. सैन्याचा खर्च पुरुष माणसांच्या संख्येवर वाटून १७२४ पासून डोईपट्टी वसूल होऊ लागली. ती गोळा करण्याची जबाबदारी जमीनदारावर असल्याने शेतकऱ्यावरची त्याची पकड आणखी घट्ट झाली. पीटरने आपला मुलगा अलेक्सेई याच्यावर खटला चालवला आणि १७१८ मध्ये तो किल्ल्यातच मेला. पुढे १७२२ मध्ये वारस नेमण्याचा हक्कही त्याने राजाच्या मर्जीवर सोपवला. स्वतः मात्र तो १७२५ मध्ये वारस न नेमताच गेला.

१७३० च्या जानेवारीत चौदा वर्षांचा पीटर दुसरा लग्नासाठी ठरलेल्या दिवशीच देवीच्या रोगाने वारला. लग्नासाठी देशभरातले सरदार मॉस्कोत जमलेले होते. राज्य चालवणाऱ्या सर्वोच्च गुप्त मंडळाने द्मित्री गोलित्सिन यांच्या पुढाकाराने कुर्लांडची विधवा डचेस आन्ना इव्हानोव्हना हिला गादी देऊ केली, पण अटींवर. मंडळाच्या संमतीशिवाय तिने लग्न करू नये, वारस नेमू नये, युद्ध किंवा तह करू नये, नवे कर बसवू नयेत, कर्नलच्या वरच्या जागा देऊ नयेत आणि खटल्याशिवाय सरदारांचे प्राण किंवा मालमत्ता घेऊ नये. तिने कुर्लांडमधल्या मितावमध्ये त्यावर सही केली. रशियात राजसत्तेला कागदावर बांधण्याची याहून स्पष्ट संधी तोवर आली नव्हती.

ती कोणी घालवली? मॉस्कोत जमलेल्या सामान्य सरदारांनी. त्यांनी आपापले मसुदे लिहिले, वाद घातले, अगदी प्रातिनिधिक मंडळांची कल्पनाही मांडली. पण एका राजाऐवजी दोलगोरुकी आणि गोलित्सिन या दोन घराण्यांचा वरचष्मा असलेल्या मंडळाचे आठ राजे होतील, ही भीती त्यांना अधिक होती. २५ फेब्रुवारीला त्यांनी आन्नापुढे पहिला अर्ज दिला तो मसुद्यांचा विचार करण्यासाठी. रक्षक पलटणींचे अधिकारी गलबला करू लागले आणि त्याच दिवशी दुसरा अर्ज आला की पूर्वजांप्रमाणे संपूर्ण सत्ता धारण करावी. तिने अटींचा कागद मागवून घेतला आणि सर्वांसमक्ष फाडला.

पुढचे पाहावे. त्याच वर्षाच्या अखेरीस जमीन एकाच मुलाला देण्याची पीटरने घातलेली सक्ती उठवली गेली, १७३६ मध्ये आजन्म चाकरी पंचवीस वर्षांवर आली, १७६२ मध्ये पीटर तिसऱ्याने सरदारांना चाकरीतून मोकळे केले आणि १७८५ च्या सनदेने त्यांचे हक्क कायम केले. सरदारांची बाजू अशी एकेक करून सुटत गेली. शेतकऱ्याची बाजू १८६१ पर्यंत सुटली नाही.

कोनाडा

१७३० ची ही बाजू मला ठाऊक नव्हती. म्हणजे १७६२ ला मूळ देवघेवीचे कारणच संपले होते. सरदार चाकरीला बांधलेला नाही, तरी शेतकरी मात्र सरदाराला बांधलेला, हे कोणत्या न्यायाने?

रानवारा

कोनाडा, हाच प्रश्न त्या काळी शेतकऱ्यांनीही विचारला. सरदारांना मोकळे केल्यावर आता आमच्या मुक्ततेचेही फर्मान निघाले असणार आणि जमीनदारांनी ते दडवले आहे, अशी अफवा गावोगाव पसरली. काही महिन्यांतच पदच्युत होऊन मारला गेलेला पीटर तिसरा शेतकऱ्यांच्या मनात जिवंत राहिला आणि पुगाचोव्हला त्याचे नाव घ्यावेसे वाटले, त्यामागे हे एक कारण होते.

धाग्याच्या सुरुवातीला ज्या शब्दावरून मी प्रश्न विचारला, त्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. १९०५ च्या उठावानंतर निर्वाचित दूमा, म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा, देणे भाग पडले आणि १९०६ च्या एप्रिलमध्ये राज्याचे मूलभूत कायदे पुन्हा लिहिले जात होते. सम्राटाच्या सत्तेचे वर्णन करताना तोपर्यंत 'स्वयंसत्ताक' आणि 'अमर्याद' असे दोन शब्द होते. 'अमर्याद' हा शब्द काढण्यास निकोलस दुसरा तयार नव्हता, आपल्या पूर्वजांकडून मिळालेली सत्ता कमी करण्याचा आपल्याला हक्क आहे का, अशी शंका त्याने बैठकीत बोलून दाखवली. शेवटी तो शब्द गळला आणि 'स्वयंसत्ताक' तेवढा राहिला. त्या शब्दाचा मूळ अर्थ केवळ स्वतंत्र राजा एवढाच असल्याने दूमा आणि तो शब्द एकत्र नांदू शकतात, असे काही कायदेपंडितांनी तेव्हा मांडूनही पाहिले. पण त्याच्या नऊ वर्षे आधी, १८९७ च्या जनगणनेचा तक्ता भरताना याच निकोलसने व्यवसायाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'रशियन भूमीचा धनी' असे लिहिले होते.